खातं नसलेल्यांची ओळख

श्रोते हो, नमस्कार.

मी फेसबुकवर नाही, इन्स्टाग्रामवरही नाही. फोन आहे, कारण मुलगा पुण्याला असतो. ईमेल आहे, कारण विद्यापीठाला तो लागतो. त्यापलीकडे इंटरनेटची मला ओढ नाही आणि कधी नव्हती. तरीही शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, समाजशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले, आणि अभ्यासाला विषय घेतला तो ऑनलाइन ओळखीचा. माणूस इंटरनेटवर स्वतःला कसा दाखवतो आणि लोक त्याला तिथे कसं ओळखतात, हा तो विषय. वाड्यावर सगळे विचारतात, बाई, तुम्हाला फोन हातात धरायचा कंटाळा, मग हा विषय कशाला? यावर लिहिणारे बहुतेक जण दिवसरात्र त्यातच वावरणारे असतात. जो बाहेर थांबलाय त्याचं काय होतं, हे बाहेर थांबलेल्यांपैकी कुणीतरी विचारायला हवं. म्हणून मी विचारते.

पहिल्याच सत्रात आमच्या मॅडमनी एक काम दिलं. वर्गात जोड्या लावायच्या आणि एकमेकांना इंटरनेटवर शोधून काढायचं. माझी जोडी मडगावच्या एका मुलीशी लागली. मला वाटलं, हिला काय सापडणार? दुपारच्या जेवणाआधी तिने वही माझ्यापुढे ठेवली. मतदारयादीत माझं नाव, वय, घराचा नंबर. निवृत्त शिक्षकांच्या सत्कारातला शाल आणि नारळ घेतलेला फोटो. भाच्याच्या मुंजीत मी पंक्तीला वाढतेय तो फोटो, खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘आमची मावशी’. आणि नंबर टाकला की नाव दाखवणारं एक ॲप असतं, त्यात माझं नाव होतं ‘गणित बाई नवीन नंबर’. कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या आईने आपल्या फोनमध्ये मला तसं साठवलं असणार. ते माझं नाव म्हणून जगाला दिसत होतं.

यातली एकही गोष्ट मी तिथे ठेवली नव्हती. म्हणून पहिला मुद्दा हा, आणि तो पुन्हा सांगते: खातं नसलं तरी ओळख असते. तुम्ही ती तयार केली नाहीत, तर दुसरं कुणीतरी ती तयार करतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये मार्क झुकरबर्ग यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. ज्यांनी फेसबुकवर नावही नोंदवलेलं नाही, अशांचीही काही माहिती सुरक्षेच्या कारणासाठी गोळा होते, असं त्यांनी तिथे मान्य केलं. म्हणजे जे गेलेच नाहीत, तेसुद्धा आत आहेत.

या विषयातला जुना विचार अगदी वेगळा होता. १९९५ साली, म्हणजे आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं त्याच वर्षी, शेरी टर्कल या अमेरिकी विदुषी लिहीत होत्या की पडद्यावर माणूस वेगवेगळी नावं घेतो आणि स्वतःची वेगवेगळी रूपं आजमावून बघतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कोकणी लेखक वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर शणै गोंयबाब झाले. दीनानाथांनी आडनाव घेतलं ते मंगेशीवरून. त्यांच्या लेकीने, लताबाईंनी, आनंदघन या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिलं. यातलं कुणी कुणाला फसवत नव्हतं. पुढे २००४ मध्ये फेसबुक आलं आणि वारं फिरलं. खरं नाव, खरा फोटो, एका माणसाला एकच खातं. माझं स्वच्छ मत आहे की यात माणसाचं नुकसान झालं. देवळात, कचेरीत, माहेरी आणि मासळी बाजारात आपण वेगवेगळे बोलतो, वेगवेगळे वागतो, आणि तसंच वागायला हवं.

अर्व्हिंग गॉफमन नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, मूळचे कॅनडाचे. १९४९ ते ५१ या काळात ते स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडच्या एका बेटावर जाऊन राहिले. तिथल्या हॉटेलात त्यांनी पाहिलं की जेवणघरात पाहुण्यांपुढे अदबीने वागणारी माणसं स्वयंपाकघरात शिरली की मोकळी होतात, हसतात, ओरडतात, पाय पसरतात. त्यावरून त्यांनी मांडलं की प्रत्येकाला एक रंगमंच असतो आणि एक रंगपट, म्हणजे नटांची पडद्यामागची खोली, असते. मॅडम हे इंग्रजीतून शिकवत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर आबा उभे राहिले.

आबांची गोष्ट सांगायला मला फार आवडतं. माझ्या प्रबंधातलं निम्मं शहाणपण त्यांचं आहे.

आबा आमच्या गावचे. फोंडा तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण आबांनी तशी अट घातली आहे. दिवसा कुळागरात काम. पोफळीवर चढायचं, सुपारी उतरवायची, पाटाचं पाणी फिरवायचं. आणि जत्रेच्या रात्री आबा तारामती होतात. राजा हरिश्चंद्राची तारामती. पालखी देवळात परतली की साडेबारा-एकला पडदा वर जातो आणि स्मशानातला प्रवेश येईपर्यंत पहाटेचे चार वाजतात. रोहिदासाला मांडीवर घेऊन आबांनी पहिला हुंदका दिला की बायका पदराने डोळे टिपतात आणि पुरुष उगाचच उठून चहाच्या गाड्याकडे चालू लागतात. साथीला पेटी आणि तबला, आमच्याच गावचे. हल्ली काही ठिकाणी रेकॉर्ड केलेली साथ लावतात. मला ते मुळीच मान्य नाही. नटाचा श्वास अडकला तर तबलजी थांबतो. ते यंत्र कुणासाठी थांबत नाही.

तर रंगपट असतो देवळामागच्या मराठी प्राथमिक शाळेत. मुलं उरली नाहीत म्हणून ती शाळा बंद झाली. अशा किती मराठी शाळा गोव्यात बंद झाल्या, तुम्हाला माहीत आहे. त्यावर मी एक अख्खं भाषण देईन, आज नाही. त्या वर्गात फळा अजून भिंतीवर आहे, आणि फळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या चौकटी आहेत, ‘पट’ आणि ‘हजर’. दोन्ही रिकाम्या.

त्या वर्षी पहिल्या अंकानंतर आबा त्या फळ्याखाली बाकावर बसले होते. अंगावर राणीचा शालू, नऊवारी. नाकात नथ. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या, वाजू नयेत म्हणून. गंगावन खांद्यावर टाकलेलं. एक पाय बाकावर, आणि बोटांत बिडी. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. आबांची बिडी ठाऊक नाही असं आमच्या गावात कुणी नाही.

वाड्यावरच्या एका पोराने ते फोनवर टिपलं. मनात वाईट काही नव्हतं. गावच्या ग्रुपवर टाकलं, ‘आमचे आबा’ म्हणून. तिथून ते कुठच्या कुठे गेलं. कुणी त्याच्यावर उडत्या चालीचं गाणं चिकटवलं. कुणी वर नाव दिलं, ‘बिडीवाली राणी’. जत्रा कुठली, नाटक कुठलं, माणूस कोण, काही उरलं नाही. उरली ती बिडी आणि नथ.

आबांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी तेव्हा सावंतवाडीकडच्या एका घरी चालली होती. आठवडाभरात तिला तिकडून फोन आला, हे तुमचे वडीलच का? पोरीने खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी आबा तिचा फोन घेऊन माझ्याकडे आले.

“बाई, तुमचा हाच अभ्यास ना? बघा.”

आम्ही सोप्यावर बसलो. मी ते बघितलं आणि खालचं वाचायचं नाही म्हणून फोन पालथा ठेवला. आबांनी तो उचलला, चष्मा लावला आणि लोकांनी जे जे लिहिलं होतं ते एकेक करून वाचत गेले. काय लिहिलं होतं ते मी आकाशवाणीवरून सांगणार नाही. बराच वेळ त्यांचा अंगठा खाली खाली सरकत होता. मग त्यांनी विचारलं, “बाई, ह्यांतला जत्रेला कोण होता?”

म्हटलं, “कुणीच नाही, आबा.”

“मग ह्यांनी रोहिदास मेलेला बघितलाच नाही.”

श्रोते हो, ऑनलाइन ओळखीवर मी जेवढं वाचलं, त्यात इतकं नेमकं वाक्य मला मिळालेलं नाही.

आम्ही तक्रार केली. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याचा मार्ग धरला. त्या पोरानेही आपलं मूळ चित्रण काढून टाकलं. पण तोवर नकला निघाल्या होत्या, आणि त्या आजही कुठेतरी फिरत असतील. पोरगा आबांच्या अंगणात येऊन उभा राहिला, मान खाली घालून. आबा सुपारी सोलत होते. म्हणाले, “तू मला बिडी ओढताना बघितलंस, त्याचं काही नाही. तुझा आजासुद्धा तिथेच बसून माझ्याबरोबर ओढायचा. पण तो दार लावून घ्यायचा.”

आता सावंतवाडीची मंडळी. ती मुलगी बघायला आलीच, आणि बरोबर मुलाची आजी आली. तिकडचा मुलूख दशावताराचा. पुरुषाने लुगडं नेसून देवीचं सोंग घेतलं की पाया पडणारी माणसं ती. आजींनी चहा घेतला, पोहे खाल्ले आणि आबांकडे वळून म्हणाल्या, “तारामतीचं एखादं पद म्हणा की. बघू दे तरी.” घरातल्या सगळ्यांचे चेहरे खुलले. वाटलं, चला, सुटलो. आणि आबांनी नाही म्हटलं.

“आजी, इथे नाही,” ते म्हणाले. “इथे मी मुलीचा बाप म्हणून बसलोय. तारामती जत्रेला. तुम्ही या.”

आजी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “येईन.” लग्न त्याच घरात झालं. पुढच्या जत्रेला आजी आल्या आणि पहिल्या रांगेत शाल पांघरून पहाटेपर्यंत बसल्या.

आबांनी त्या दिवशी जे केलं त्याचं शास्त्र असं. जोशुआ मेरोविट्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ सालीच, म्हणजे आजचं इंटरनेट यायच्या आधी, लिहून ठेवलं की रेडिओ आणि टीव्हीमुळे वेगवेगळ्या श्रोत्यांच्या मधल्या भिंती पडतात. त्यांनी उदाहरण दिलं ते स्टोकली कारमायकल या कृष्णवर्णीय पुढाऱ्याचं. गोऱ्या श्रोत्यांपुढे ते एका पद्धतीने बोलत आणि आपल्या लोकांपुढे दुसऱ्या. भाषण टीव्हीवरून दोघांपर्यंत एकदमच जाऊ लागलं, तेव्हा एकच पद्धत निवडणं भाग पडलं. पुढाऱ्याला निदान माहीत असतं की समोर कॅमेरा आहे. आबांना ते माहीत नव्हतं. मुंजीत वाढताना मलाही नव्हतं. म्हणून दुसरा मुद्दा, आणि हाही पुन्हा सांगते: आपलं कुठलं रूप कुठे दिसावं, हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा. फोन ज्याच्या हातात आहे, त्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. तो निर्णय प्रामुख्याने सरकारच्या संदर्भातला आहे, पण मुंजीचे फोटो टाकणाऱ्या माझ्या भाच्यालाही मी तो समजावून सांगितला. त्याने फोटो काढला.

घरी आज रात्री करता येण्यासारखं थोडंसं सांगते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी म्हणून भाग आहे. तिथे आपला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवता येतं, आणि कुणीही उठून आपल्याला ग्रुपमध्ये घालू नये, हेही ठरवता येतं. वयस्क मंडळींनी नातवाला शेजारी बसवून करून घ्यावं. आणि शाळांना माझी हात जोडून विनंती आहे, लहान मुलांचे चेहरे रोज उठून टाकू नका. बक्षीस मिळालं, फोटो. झाड लावलं, फोटो. ते मूल मोठं झाल्यावर त्याला हे हवं होतं का, कुणी विचारलेलं नसतं.

आमच्या गावच्या नाटकमंडळींनीही एक नियम केला आहे. रंगपटाच्या दाराशी गावातला एक जाणता गृहस्थ सूप घेऊन बसतो. आत जाणाऱ्याने फोन त्या सुपात ठेवायचा, मग तो नट असो की देवस्थानचा अध्यक्ष. नाटक संपलं की आबा पूर्ण वेषात रंगमंचाच्या कडेला येऊन उभे राहतात, आणि तेव्हा ज्याला हवे त्याने हवे तितके फोटो काढावेत, आबा स्वतः सांगतात कुठून काढायचा. उजवीकडून. नथ तिकडून चांगली दिसते.

यंदाही तारामतीच आहे आणि तालमी सुरू झाल्या आहेत. मी आता तिकडेच निघाले आहे. नमस्कार.