गाठीतला प्राणवायू दिसतो कसा?

नमस्कार. मिरजेत किरणोपचारासाठी सांगली-सातारा भागातूनच नव्हे, तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात, आणि किरण तेच असताना एकाची कर्करोगाची गाठ विरघळते, दुसऱ्याची का उरते, हा प्रश्न त्यांच्या नातेवाइकांना छळत असतो. कारणे अनेक आहेत. आज त्यांतले एकच पाहू, प्राणवायू.

किरणांनी डीएनएवर केलेला घाव प्राणवायूमुळे पक्का होतो. तो नसेल, तर तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीनपट मात्रा लागते. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसांच्या गाठींचे काप तपासून दाखवले, की रक्तपुरवठ्यापासून सुमारे ०.१८ मिलिमीटरपलीकडे पेशी मेलेल्या असतात. कालव्याचे पाणी वरच्यांनीच उचलले की टेलचे शेत कोरडे राहते, तसेच हे. खरी चिंता आहे ती मेलेल्यांच्या अलीकडच्या, अर्धपोटी जगणाऱ्या पेशींची, कारण किरणांना तोंड देऊन त्याच टिकतात.

त्या शोधायच्या कशा? सुई टोचून एका ठिकाणचेच माप मिळते आणि ऊतीला इजाही होते. नेहमीच्या एमआरआयची बोल्ड पद्धत रक्तातल्या हिमोग्लोबिनविषयी सांगते. रक्तवाहिनीबाहेर प्राणवायू किती पोहोचला, ते तिला थेट मोजता येत नाही.

म्हणून प्राण्यांवरील संशोधनात इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. उंदराच्या शिरेत ट्रायटिल नावाचे द्रव्य सोडतात, ज्याच्या प्रत्येक रेणूत एक एकटा, म्हणजे जोडीदार नसलेला, इलेक्ट्रॉन असतो. प्राणवायूच्या रेणूत असे दोन असतात, त्यामुळे दोघांची टक्कर झाली की ट्रायटिलचा संकेत लवकर विझतो, आणि तो किती लवकर विझला यावरून त्या जागचा प्राणवायू थेट पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये काढता येतो. यासाठी २५० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी आणि जेमतेम ९ मिलिटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पुरते. रुग्णालयातले यंत्र बहुधा १.५ टेस्लाचे असते. सुमारे एक मिलिमीटर बारकाव्याच्या या नकाशात पाऱ्याच्या १० मिलिमीटरपेक्षा कमी प्राणवायू असलेला भाग प्राणवायूला मुकलेला मानतात.

शिकागो विद्यापीठात हॉवर्ड हाल्पर्न यांच्या गटाने हा नकाशा समोर ठेवूनच उंदरांच्या पायातल्या गाठींवर किरण सोडले. काहींना जादा मात्रा प्राणवायू कमी असलेल्या भागावर दिली, तर काहींना ती प्राणवायू मुबलक असलेल्या भागावर. पहिल्या गटात गाठी अधिक प्रमाणात आटोक्यात आल्या. माणसाचे शरीर मोठे असल्याने खोलवरचा संकेत टिपणे अवघड जाते, आणि सध्या याच अडचणीवर काम चालू आहे.