टर्बो पास्कल आणि एरर २०३ : मोकळी दिसणारी मेमरी मिळत का नाही?

नमस्कार. वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्याचा स्टॉक सांभाळणारा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या टर्बो पास्कल ७.० या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आज आपण उघडणार आहोत. मालाची यादी दिवसातून तीनदा पाहिली तरी तो सुरळीत चालतो. चौथ्यांदा मात्र ‘रनटाइम एरर २०३’ दाखवून बंद पडतो. प्रोग्रॅम चालू असताना लागेल तशी मागून घेण्याची मेमरी म्हणजे हीप; २०३ म्हणजे हीप ओव्हरफ्लो, अर्थात मागितलेला मेमरीचा तुकडा प्रोग्रॅमला मिळाला नाही.

अशा वेळी डॉसबॉक्सच्या (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये मेमरीचा आकडा वाढवण्याचा मोह होतो. त्याचा येथे काहीही उपयोग नाही, कारण रिअल मोडमधील (प्रोसेसरच्या मूळ, मर्यादित मेमरीच्या पद्धतीतील) टर्बो पास्कलचा हीप डॉसच्या ६४० केबींतच बसतो, आणि त्यातूनही डॉस, प्रोग्रॅमचा कोड व स्टॅक (फंक्शनांना लागणारी तात्पुरती जागा) यांचा वाटा आधी वजा होतो. प्रोग्रॅम आयडीईतून, म्हणजे कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधूनच, चालवत असाल तर आयडीईही जागा अडवते, म्हणून ईएक्सई फाइल थेट डॉस प्रॉम्प्टवरून चालवून पाहावी. कोडच्या सुरुवातीचा डॉलर-एम ($M) हा मेमरीच्या मर्यादा ठरवणारा निर्देशही तपासावा: त्यातील तिसरा आकडा हीपची कमाल मर्यादा ठरवतो आणि तो मुळात ६५५३६० असतो. एक्झेक या आदेशाने दुसरा प्रोग्रॅम चालवता यावा म्हणून कोणी तो मुद्दाम कमी केला असेल, तर वाढवण्याआधी विचार करावा.

आता खरी तपासणी. मेमअव्हेल हीपमधील एकूण मोकळी जागा सांगते, तर मॅक्सअव्हेल सर्वांत मोठा सलग तुकडा सांगते. यादी उघडण्याआधी आणि मिटल्यानंतर हे दोन्ही आकडे छापून घेतले, तेव्हा ३०० नोंदींच्या एका फेरीत मेमअव्हेल ३१,२०० बाइटांनी घटले होते, पण मॅक्सअव्हेल तब्बल १,५१,२०० बाइटांनी.

पडद्यावरच्या या दोन ओळी पाहा. गेटमेम ५०० बाइट मागते आणि फ्रीमेम ४०० परत करते. नोंदीत नंतर एक फील्ड वाढले, तेव्हा पहिली ओळ सुधारली गेली आणि दुसरी तशीच राहिली. टर्बो पास्कल आकार आठच्या पटीत वर नेत असल्यामुळे ५०० चे ५०४ होतात, म्हणजे प्रत्येक नोंदीमागे १०४ बाइट अडकतात. त्याहून वाईट असे की मोकळ्या झालेल्या ४०० बाइटांच्या फटीत ५०४ चा तुकडा मावत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरी नवीच जागा खात जाते. सुमारे पाच लाख बाइटांचा हीप चौथ्या फेरीत संपणारच. आकडे उलट असते, तर फ्रीमेमने शेजारच्या नोंदीची जागाही मोकळी ठरवली असती, आणि तो दोष शोधणे फारच जिकिरीचे ठरले असते.

दुरुस्ती एका शब्दाची आहे: दोन्ही ओळींत आकड्याऐवजी साइझऑफ, म्हणजे नोंदीचा आकार स्वतः सांगणारे फंक्शन, लिहावे. मेमरी न मिळाल्यास काय करायचे ते ठरवणाऱ्या हीपएररला स्वतःचे फंक्शन जोडून १ परत केले तर प्रोग्रॅम बंद न पडता पॉइंटरमध्ये (तुकड्याचा पत्ता ठेवणाऱ्या चलात) निल, म्हणजे ‘पत्ता नाही’ ही खूण, येते, हे खरे. परंतु प्रत्येक ठिकाणी निल तपासले नाही तर तो उपाय दोष झाकणारा ठरतो, म्हणून मी तो शेवटी ठेवतो.

हाच कोड फ्री पास्कल या मोफत पास्कल कंपायलरवर नेणार असाल, तर मेमअव्हेल आणि मॅक्सअव्हेल तेथे मिळणार नाहीत, त्यामुळे त्या ओळी काढाव्या लागतील. त्याऐवजी हीपट्रेस युनिट जोडून कंपाइल केल्यास, न सोडलेले तुकडे आणि फ्रीमेमला दिलेला चुकीचा आकार या दोन्हींची नोंद ते स्वतःच छापते.