केळीचं पोटॅश आणि झोतभट्टीतला कोक

(दृश्य: भुसावळ यार्ड, कोळशाच्या वाघिणी)

भुसावळहून दीपनगरच्या वीजकेंद्राकडे जाणारा कोळसा इथं पोरासोरांच्याही ओळखीचा. पण लोखंड गाळायला तो चालत नाही. तिथं लागतो कोक, आणि कोकसाठी असा कोळसा, जो तापल्यावर आधी मऊ होऊन फुगतो, मग घट्ट होतो. बंद भट्टीत, हवा लागू न देता, हजार-अकराशे अंशांवर तो तासन् तास भाजावा लागतो. असा चांगला कोळसा आपल्याकडे कमी. बराचसा ऑस्ट्रेलियातून येतो.

(दृश्य: झोतभट्टी)

झोतभट्टीत, म्हणजे गरम हवेचा झोत सोडून लोखंड गाळायच्या भट्टीत, कोक उष्णता देतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून घेणारा वायू देतो. ही कामं कोळशाच्या भुकटीवरही थोडीफार भागतात. वरचा भार पेलणं मात्र कोकचंच काम. तळाशी खनिज वितळतं, घन उरतो तो एकटा कोक. त्याच्या फटींतून झोत वर चढतो, लोखंड खाली झिरपतं. कोकचा चुरा झाला की भट्टी गुदमरलीच.

(दृश्य: प्रयोगशाळा, चिमट्यात कोकचा राखाडी, सच्छिद्र तुकडा)

म्हणून आधी परीक्षा. वीसेक मिलिमीटरचे तुकडे, वजन 200 ग्रॅम. 1100 अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइड सोडायचा. वायू कोकला खातो. वजन शेकडा जितकं घटलं, तो 'सीआरआय', म्हणजे कोकची क्रियाशीलता. उरलेले तुकडे ड्रममध्ये घालून 600 फेरे. मग चाळणी. दहा मिलिमीटरच्या वर शेकडा जितके टिकले, तो 'सीएसआर', म्हणजे वायूनं खाल्ल्यावर उरलेली मजबुती. मोठ्या झोतभट्टीला हा आकडा साठ-पासष्टच्या पुढं हवा, सीआरआय पंचविसाच्या आसपास.

(दृश्य: रावेरची केळीबाग, मग कापसाचं रिकामं शेत)

आता आपल्या शिवारातलं. केळीला पोटॅश किती लागतं हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. घड उतरल्यावरही खोडात ते भरपूर उरतं. पोटॅशमधलं हेच पोटॅशियम कोकच्या मुळावर येतं: त्याच्यामुळे वायू कार्बनला झपाट्यानं खातो. कॅल्शियम आणि लोहही तेच करतात. पऱ्हाटीतही पोटॅश असतं. कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर जाळण्यापेक्षा त्यांचा कोळसा कोकमध्ये मिसळावा, ही कल्पना म्हणूनच ऐकायला जितकी गोड, तितकी सोपी नाही. तो कोळसा भाजताना मऊ होत नाही, चिकटत नाही. थोडा जास्त पडला की मजबुती ढासळते.

(दृश्य: कोळसा ठोकणारं यंत्र)

उपाय आहेत. राख कमी असलेल्या कोळशांचं मिश्रण. किंवा कोळसा भट्टीत जाण्याआधी ठोकून ठोकून त्याचा घट्ट ठोकळा करायचा. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात हे होतं, आणि त्यानं हलक्या प्रतीचा कोळसाही चालून जातो. भाजलेला कोक पाण्याऐवजी नायट्रोजननं थंड केला की तडे कमी पडतात.

गंमत म्हणजे जपानमध्ये उलट्या बाजूनंही प्रयत्न झाले. तिथं कोकमध्ये मुद्दाम लोहखनिज मिसळून तो जास्त क्रियाशील केला, म्हणजे कमी तापमानातच काम सुरू होऊन इंधन वाचेल. मजबुती राखूनच, हे त्यातलं अवघड कलम. पऱ्हाटीलाही तीच अट. तिचं पोटॅश बरंचसं पाण्यात विरघळतं, म्हणून आधी धुऊन काढता येतं. चिकटपणा मात्र धुऊन येत नाही, त्यासाठी चांगला कोळसा सोबत घ्यावाच लागतो.