मगरीचं पेव

(दृश्य: सांगलीजवळचं हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, मग जमिनीतल्या पेवाचं तोंड.)

हरिपुरात हळद जमिनीखाली ठेवायचे. माणूस उतरेल एवढं तोंड, खाली अंधार. वर ऊन कितीही तापू दे, आतली हळद जशीच्या तशी. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली. पण मातीच्या पोटात गारवा टिकतो, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

कृष्णेतल्या मगरीलाही नाही.

(दृश्य: भिलवडीजवळची दरड. वर ऊस, खाली संथ पाणी.)

भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ. सांगलीच्या वरच्या अंगाचा हा पट्टा. उन्हाळा लागता लागता मादी पाण्यापासून जरा उंचावर येते, मागच्या पायांनी खड्डा उकरते, वीस-तीस अंडी घालते आणि माती लोटून देते. जवळ गेलं तर काय होतं, ते गावकऱ्यांना विचारा. एरवी मगर बातमीत येते ती हल्ला झाल्यावरच. दोन महिने ती त्या मातीची राखण करते, त्याची बातमी होत नाही.

त्या मातीत एक गोष्ट ठरत असते. आपल्याकडे मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतानाच ठरतं. मगरीचं तसं नाही. अंडं घातलं तेव्हा आतला जीव नर नसतो, मादीही नसतो. ते ठरवते आजूबाजूच्या मातीची ऊब. 28 ते 31 अंशांत उबवलेल्या अंड्यांतून माद्याच निघतात. साडेबत्तीसच्या आसपास नर. सगळा खेळ दीड-दोन अंशांचा.

जगाची उष्णता एखाद-दुसऱ्या अंशाने वाढली तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला ध्रुवावरचं अस्वल कशाला दाखवायचं? ही दरड दाखवावी.

(दृश्य: वेळासचा किनारा, पहाट. वाळूवर कासवाच्या पिल्लांच्या रेघा.)

सह्याद्री उतरून पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, हाच हिशेब वाळूत चालतो. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येते, शंभरेक अंडी पुरते आणि निघून जाते. राखण वगैरे नाही. इथला कौल असा: वाळू तापली की माद्या वाढतात, फारच तापली तर अंडी आतच मरतात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांची तरुण पिढी जवळजवळ सगळीच माद्यांची असल्याचं 2018 मध्ये समोर आलं. कासवं शेकड्यांनी पोहताना दिसतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. नर संपत आलेत, हे कळायला एक पिढी जावी लागते.

आणि वाळूपुढचा समुद्रही तापतोच आहे. माणसानं वाढवलेल्या उष्णतेतली 90 टक्क्यांहून अधिक त्यानंच पोटात घेतली. लक्षद्वीपची प्रवाळं 1998, 2010 आणि 2016 मध्ये पांढरी पडली, ती पाणी तापल्यामुळंच.

(दृश्य: पुन्हा कृष्णाकाठ. दरडीवर पाण्याची मोटर, उसाची कड.)

मगरींनी याहून मोठे उन्हाळे काढलेत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. डायनासोर गेले, मगरींचं कूळ टिकलं. पण तेव्हा हवा बदलायला हजारो वर्षं लागायची आणि काठ मोकळा होता. माती तापली तर मादीला खड्डा खोल घेता येतो, सावलीला सरकता येतं, चार आठवडे आधीही येता येतं. त्यासाठी दरड हवी, करंज-उंबराची सावली हवी. इथं ऊस पाण्याला भिडलाय, आणि वाळू उपसलेल्या जागी काठ ढासळून गेलाय.

(दृश्य: दरडीची माती, जवळून. आवाज फक्त नदीचा.)

जूनच्या तोंडावर मातीतून बारीक चिवचिव ऐकू येते. पिल्लं अंड्यातूनच हाक मारतात. मादी येते, माती उकरते आणि एकेकाला जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. वीतभराहून जरासं मोठं पिल्लू, फिकट अंगावर काळे ठिपके.

नर की मादी, ते नुसतं बघून सांगता येत नाही.