सगळ्यांचे श्वास वीस

(दृश्य: बेळगाव मध्यवर्ती बसस्थानक, सकाळ)

खानापूरची बस, निपाणीची बस, पलीकडून चंदगडची एसटी. उतरणाऱ्यांत पेशंट असतात, जेवणाचे डबे घेतलेले नातेवाईक असतात आणि युनिफॉर्मवर स्वेटर चढवलेल्या नर्सिंगच्या पोरी. अलीकडं पोरंही दिसतात.

शहरात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे, लहान-मोठे दवाखाने तर गल्लोगल्ली. सीमेच्या दोन्ही बाजूंचा पेशंट इथंच येतो. एका खाटेवर मराठी, शेजारी कानडी, त्यापलीकडं कोकणी.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या नव्या अभ्यासक्रमानं त्याची आठ सेमिस्टर केली. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी पुरते. पदवी हातात पडायला मात्र पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाची, हजेरी पूर्ण 100 टक्के लागते. तास बुडला तर मैत्रिणीच्या नोट्स आहेत. वॉर्ड बुडला तर तो भरूनच द्यावा लागतो.

(दृश्य: एका लहान हॉस्पिटलचा मेडिसिन वॉर्ड)

इन्चार्ज सिस्टरांच्या हातात सकाळचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता आहे. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी. श्वास मात्र पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत वीस.

‘अगं, अख्ख्या वॉर्डाला वीस-वीसच? रेशन वाटलीस काय?’

पोरगी गप्प. आता ओरडा बसणार असं आपल्याला वाटतं. सिस्टर तिला घेऊन एका कानडी आज्जींच्या खाटेपाशी जातात. ‘ऊट आतेन्री?’ असं विचारत मनगट धरतात. नाडी मोजून होते, तरी हात सोडत नाहीत. नजर आज्जींच्या छातीवर. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून हे नाडी धरल्याचं नाटक. पूर्ण एक मिनिट, सेकंद काट्यावर.

‘आता तू धर. ओठ हलवू नको, मनात मोज.’

अठ्ठावीस. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात.

‘मग आता?’

पोरगी खाटेची डोक्याकडची बाजू उचलते, बोटाला ऑक्सिमीटर लावते आणि डॉक्टरांकडं धावते. सिस्टर दारातच अडवतात. ‘काय सांगणार ते आधी मला सांग. पटकन.’ पहिल्यांदा ती ‘पेशंटला बरं नाही’ एवढंच म्हणते. दुसऱ्यांदा खाट नंबर, श्वास, ऑक्सिजन, सकाळचा ताप, सगळं ओळीनं येतं. तेव्हा कुठं वाट सोडतात.

नर्स म्हणून ही पोरगी कुठवर आलीय, हे सिस्टरांना तेवढ्यात कळलं. लॉगबुकात त्याला जागा नाही. तिथं प्रोसिजरचं नाव, तारीख आणि सही. पोस्टिंग संपत आलं की सह्यांसाठी टेबलापाशी गर्दी होते, हे नर्सिंग केलेल्या कुणालाही विचारा. परीक्षेत आता ओस्की आहे: टेबलं मांडलेली, घंटा वाजली की पुढचं टेबल, परीक्षकापुढं सगळ्यांसाठी एकच यादी. पद्धत चांगली आहे, ओळखीपाळखीला फारसा वाव राहत नाही. पण सरावाच्या पुतळ्याला धाप लागत नाही, आणि तो कानडीतून पाणीही मागत नाही.

अवघड काम पुढंच आहे. पोरगी लांबच्या खेड्यातली, बापानं कर्ज काढून फी भरलेली, स्वभावानं गरीब. हात मात्र अजून कच्चा. तसं लिहायला पेन उचलत नाही. हे आपल्याकडंच होतं असं नाही. मनात शंका असूनही मार्गदर्शक नर्सा विद्यार्थ्यांना पास का करतात, याचा अभ्यास स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी 2003 साली मांडला. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेनं 2018 च्या नियमांत तर रोज देखरेख करणारी व्यक्ती आणि निकाल देणारी व्यक्ती वेगळीच केली. मात्र देखरेख करणारीचं म्हणणं निकाल देणारीपर्यंत पोचलं पाहिजे, हेही त्यातच आलं.

इथं गाडी अडते ती या दुसऱ्या गोष्टीपाशी. गुण कॉलेजच्या मॅडम देतात. त्यांच्या मागं एकाच वेळी दोन-तीन वॉर्डांतली मुलं, त्या तरी कुठं-कुठं पुरणार? पोरीचा हात थरथरताना पाहिला तो सिस्टरांनी, आणि सिस्टरांच्या ड्यूटी चार्टवर शिकवण्याचा म्हणून वेळच धरलेला नाही. आज्जींच्या खाटेपाशी गेलेली मिनिटं औषधाच्या फेरीतून काढलेली. आठवड्यातून अर्धा तास जरी चार्टवर लिहून दिला आणि त्यांच्या शेऱ्याला गुणांमध्ये वजन दिलं, तरी बराच फरक पडेल.

गुण ठरवताना तुम्हाला कुणी विचारतं का, असं आम्ही सिस्टरांना विचारलं.

‘सही राहिली असली की विचारतात,’ म्हणाल्या, आणि सात नंबरचं सलाईन बदलायला गेल्या.