बाळाला काचेत ठेवलंय

जिल्हा रुग्णालयाचा पहिला मजला. दाराबाहेर बाकड्यावर आजी बसलीय, बाजूला बाळाचा बाप गावाकडे फोन करतोय, "बाळाला काचेत ठेवलंय." काचेत म्हणजे या दाराच्या आत, एसएनसीयूत, नवजात बाळांच्या खास काळजीच्या कक्षात. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मल्यावर लवकर न रडलेली, अशी सगळी बाळं इथे येतात.

आत जायचं तर चपला बाहेर, घड्याळ अंगठी बांगड्या काढून ठेवायच्या, आणि पूर्ण दोन मिनिटं कोपरापर्यंत हात धुवायचे. डॉक्टर असो, कॅमेरावाला असो, सिस्टर कुणालाच सूट देत नाहीत. आणि एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा हात साफ.

(पडद्यावर: वॉर्मरखाली बाळ, पायाशी सिस्टरचा हात)

हे बाळ गरोदरपणाच्या ३२ व्या आठवड्यातच जन्मलेलं, वजन १३५० ग्रॅम. सिस्टर आधी हाताची मागची बाजू पोटाला लावतात, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजायला लागलीय, दोन्ही गार असतील तर मग धावपळच. अंगात चरबी नाही, कातडी पातळ, त्यामुळे ऊब टिकतच नाही, आणि बाळ गार पडलं की साखर उतरते, ऑक्सिजन जास्त लागतो, श्वास बिघडतो, एकामागोमाग एक सगळंच घसरत जातं. तापमान ३६.५ ते ३७.५ च्या मध्ये ठेवायचं, ऐकायला सोपं आहे, पण दर वेळी दुपटं बदलताना, वजन करताना, सुई लावताना ते सांभाळायचं म्हणजे काय ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

शेजारचं बाळ कण्हतंय, छाती आत ओढली जातेय. फुफ्फुसातले फुगे उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ अजून पुरेसा तयार झालेला नाही, त्यामुळे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या आतल्या बाजू चिकटतात. म्हणून नाकाला सीपॅप, म्हणजे सतत हलक्या दाबाने हवा देणारी नळी. बाटलीतलं पाणी बुडबुडतंय ना, नळी नाकपुड्यांमधल्या पडद्यावर घासून जखम होत नाहीये ना, हे सिस्टर सारखं बघत असतात. ऑक्सिजन लावलेल्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९० ते ९५ मध्ये हवी. शंभर दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, जास्त ऑक्सिजनने डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो.

तेवढ्यात अलार्म. कमी दिवसांचं बाळ श्वास घ्यायचंच विसरतं, वीस सेकंद थांबला की तो ॲप्निया. सिस्टर मॉनिटरकडे बघत बसत नाहीत, आधी तळपायाला टिचकी, पाठीवर हात, मान सरळ. बहुतेक वेळा तेवढ्याने श्वास परत सुरू होतो, नाहीतर हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग जवळच ठेवलेली असते.

आता कावीळ. निळ्या लाइटखाली डोळ्यांना पट्टी बांधून ठेवलेलं बाळ सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण ही ट्रीटमेंट सापडली कशी हे फार कमी लोकांना माहितीय. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या, त्या बाळांना उन्हात अंगणात घेऊन जायच्या. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं, अंगाचा पिवळेपणा उतरलेला, फक्त एक तिकोनी तुकडा तसाच गडद पिवळा, जिथे चादरीचं टोक पडलं होतं तिथे. त्यावरून पुढे १९५८ मध्ये डॉक्टरांचा पेपर आला आणि फोटोथेरपी जगभर गेली. एका नर्सने नीट बघितलं म्हणून. (आणि हे ऐकून कुणी बाळाला घरीच उन्हात धरून बसू नका, तळहात तळपाय पिवळे दिसले की थेट हॉस्पिटल.)

हेच बघणं इथे रोज चालतं. नियमाने तीन-चार बाळांमागे एक सिस्टर हवी, खाटा भरल्या की ते गणित कोलमडतं, तरीही राउंडला सिस्टर सांगतात, "सर, हे बाळ आज वेगळं वाटतंय." ताप नाही, रिपोर्ट अजून यायचाय, पण काल बोंडल्याने छान दूध पिणारं बाळ आज तोंड उघडत नाही, हातपाय सैल पडलेत, पोट जरा फुगलंय, पोटातल्या नळीतून हिरवं येतंय. सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, असाच सुरू होतो, गुपचूप. या एका वाक्यावर अँटिबायोटिक काही तास लवकर सुरू होतं आणि ते काही तास फार मोठे असतात. मला विचाराल तर या युनिटमधलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे सिस्टरची ही नजर, आणि तीच कमी पडू द्यायची नाही.

दुधाचंही तसंच. ३४ आठवड्यांआधी चोखणं, गिळणं, श्वास घेणं एकत्र जमत नाही, म्हणून आधी नळी, मग बोंडलं किंवा वाटी-चमचा, मग अंगावर. आईला दूध येत नसेल तर मिल्क बँक, आशियातली पहिली आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ ला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

आणि आईला बाहेर बसवायचे दिवस गेले. बाळ उघडं करून आईच्या छातीवर, वरून कापड, म्हणजे कांगारू केअर. २०२१ ला आलेल्या अभ्यासात, त्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं, जन्मल्याबरोबर हे सुरू केल्यावर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. आईच नसेल तर बाप, आजी, कुणीही.

वजन वाढलं की सुट्टी. घरी आशाताई येतील, त्यांना बाळ दाखवा. आणि डिस्चार्ज कार्डावर सिस्टर लाल पेनाने एक तारीख लिहून देतात, डोळ्यांच्या तपासणीची. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हायलाच हवी, फारच लहान असेल तर त्याआधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. बाळ बघतंय, हसतंय, कशाला एवढ्या लांब जायचं, असं म्हणून ही तारीख चुकते, आणि आरओपी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार, वेळेत सापडला तर लेसरने नजर वाचते, उशीर झाला तर नाही. म्हणून सिस्टर ती तारीख आईकडून, बापाकडून, आजीकडूनही मोठ्याने म्हणवून घेतात आणि मगच सोडतात.