विहिरीतलं पोहणं आणि बेटावरचा समुद्र

(दृश्य : खानापूर रस्त्यालगतची शेतातली विहीर. काठावर पोरं. एकजण डोळ्यांना पाण्याखालचा चष्मा लावून उडी मारतो.)

बेळगाव भागातली पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीवर प्लास्टिकचा डबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काकाच्या हातात. आमच्या वेळी डब्याच्या जागी सुका भोपळा असायचा. आठवडाभरात डबा सुटतो आणि पोरगा गल्लीभर सांगत सुटतो, मला पोहता येतं म्हणून.

येतंच. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. लाट नाही, ओढ नाही, आणि चारी बाजूंना हात टेकायला दगड आहे.

हा चष्मावाला माझा पुतण्या. जानेवारीत आम्ही घरची सात माणसं अंदमानला निघालोय, त्याची ही तालीम.

(दृश्य : शहापुरातलं घर. जेवणानंतरची वेळ. पाटावर नकाशा पसरलेला.)

आजीचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "चोर्ला घाट उतरला की गोवा हाय. समुद्र बघायला इमान कशाला पाहिजे?"

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, अंदमानला थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतं. मग एवढा खटाटोप कशासाठी?

आपला गोवा, कारवार, वेंगुर्ला हा एका रांगेतला किनारा. कुठंही उभं राहा, तोंड पश्चिमेला आणि सूर्य समोर बुडणार. बेटाला चारी बाजूंनी समुद्र. एका किनाऱ्यावर सूर्य उगवतो, दुसऱ्यावर मावळतो. एका बाजूला वारा झोडपत असतो, तेव्हा पलीकडचं पाणी परातीतल्यासारखं निवांत असतं. म्हणून बेटावरचा किनारा नुसता फोटो बघून ठरवू नये. त्याचं तोंड कुठं आहे, ते आधी बघावं.

अंदमानातलं हॅवलॉक बेटच घ्या. 2018 पासून त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. आमच्या गावाचं 2014 मध्ये बेळगावी झालं आणि घरात अजून बेळगावच म्हणतात, तेव्हा या बाबतीत आम्हाला कुणी शिकवायला नको.

तर हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे ही बाजू झाकलेली राहते आणि पाणी शांत असतं. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की तिथंच उंच लाटा फुटतात. 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी मे महिन्यात आपण पेरणीसाठी वाचतो, तीच तिथल्या पर्यटकाला 'आता थांब' म्हणून सांगत असते.

राधानगरची वाळू पिठासारखी आणि उतार सौम्य. 2004 मध्ये 'टाइम' मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं, 2020 मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारा ब्लू फ्लॅग मिळाला. पुतण्या मात्र तिथं चष्मा लावून मासे शोधायचा बेत करत होता. नको! तळाला नुसती वाळू आहे. मासे प्रवाळाच्या आसऱ्याला राहतात.

(दृश्य : घड्याळ. सव्वापाच. बेळगावात अजून ऊन.)

सूर्यास्ताबद्दल एक इशारा. अंदमान पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. जानेवारीत बेळगावात सूर्य सहा-वीसच्या सुमारास मावळतो, राधानगरला सव्वापाचलाच. दुपारी जेवून, तास-दोन तास झोपून, चहा घेऊन निघू म्हणणाऱ्या माणसाला तिथं अंधार भेटेल. आमच्या भावजींना हे दोनदा सांगून झालंय. उलट सकाळी पावणेसहाला लख्ख उजाडतं. तेव्हा पूर्वेच्या काळापथ्थर किनाऱ्यावर जावं, काळे खडक आणि समोरून वर येणारा सूर्य. तिथं पोहण्यापेक्षा बसून राहण्यात मजा.

(दृश्य : पुतण्या नळीतून श्वास घेतोय. आजी त्याच्याकडे संशयानं बघतेय.)

मासे बघायचे तर हॅवलॉकचाच एलिफंट बीच. जेटीवरून बोटीनं जायचं, नाहीतर जंगलातून चालत. उथळ पाण्यातच प्रवाळ सुरू होतं, त्यामुळे स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायला, ही जागा बरी. पोहता न येणाऱ्यांना सी-वॉक आहे. डोक्यावर हवेची नळी जोडलेलं जड शिरस्त्राण ठेवतात आणि शिडीनं तळाला उतरवतात. तोंड कोरडं राहतं, डोळ्यांवरचा नंबरचा चष्माही काढावा लागत नाही. वहिनीनं तेवढ्यावरच नाव नोंदवलं.

जाहिरातीतल्यासारखे रंग दिसतीलच असं नाही. 2010 मध्ये समुद्र तापला आणि अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळ हा दगड नव्हे, तो जीव आहे. पाणी फार तापलं की त्याला रंग आणि अन्न देणारी शेवाळं त्याला सोडून जातात. त्यावर पाय ठेवायचा नाही, तुकडा खिशात घालायचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण दिलंय. देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून उचलला, ही सबब विमानतळावर चालत नाही.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, मी आणि पुतण्या करणार. तो बारा वर्षांचा आहे, पहिल्या अनुभवासाठी दहा पुरी लागतात. आधी फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, रक्तदाब. तिथं खोटं लिहिणं म्हणजे स्वतःच्याच जिवाशी खेळ. आणि स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायच्या आत विमानानं उंच गेलात, तर त्याचे बुडबुडे होतात. सोडा-बाटलीचं बूच उघडल्यावर होतं तसंच. म्हणून स्कूबा आणि विमान यांत किमान अठरा तास सोडायचे. आम्ही पूर्ण दिवस सोडलाय.

ओढीचा धडा अजून बाकी होता. पुतण्याला विहिरीच्या काठावरच सांगितला. लाटेनं आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, दमशील. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत जायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो. लाल झेंडा असेल तर पायही भिजवायचा नाही. आणि खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या बाजूला, कधीच नाही. तिथं खाऱ्या पाण्यातली मगर असते. 2010 मध्ये राधानगरच्या जवळच एका परदेशी पर्यटक बाईचा तिनं जीव घेतला. पुतण्या हे ऐकून जरा गप्प झाला. बरंच झालं.

(दृश्य : नकाशावर बोट. लहानसं बेट.)

आता आजी. गुडघे दुखतात, बोटीची भीती आणि समुद्र बघायची हौस, तिन्ही एकत्र. तिच्यासाठी नील बेट, म्हणजे शहीद द्वीप. तिथल्या गावांची नावं ऐकून ती खुलली : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही गावं. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आयुष्य काढलेल्या आम्हाला, बंगाली घरं, रामायणातली नावं आणि बाजारात हिंदी, ही मिसळ फार आवडणार आहे.

भरतपूर जेटीच्या शेजारीच, पाणी गुडघाभर, आणि काचेच्या तळाची बोट. साडीचा काठ न भिजवता प्रवाळ बघता येतं. लक्ष्मणपूरची नैसर्गिक दगडी कमान मात्र आजीसाठी नाही. ओहोटीतच जाता येतं, आणि वाट निसरड्या खडकांची. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित तिथं चालवायचं नाही, वेळ तिथल्याच माणसाला विचारायची.

बोटीतल्या मळमळीवर आजीचा उपाय चोर्ला घाटातलाच, आवळासुपारी. डॉक्टरांची गोळी मी वेगळी ठेवलीय, तिला न सांगता.

सेल्युलर जेलला एक संध्याकाळ राखलीय. 1950 मध्ये सावरकरांना इथं बेळगावात, आमच्या हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. आजी तेव्हा लहान होती. जेल बघायचाच, हा तिचा एकमेव हट्ट.

(दृश्य : आजी नकाशाची घडी घालते. बाहेर पुतण्या ओले केस पुसतोय.)

"मी भरतपूरला बसतो," ती म्हणाली. "तुम्ही कुठं बुडायचं तिथं बुडा. कुंदा घेटलासा काय? आणि तिथं आंघोळीला गोडं पाणी मिळतंय न्हवं?"